फोनचा अलार्म आणि अब्जावधी वर्षं जुना कोड

आजचा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी.

सकाळी अलार्म वाजला की आपण काय करतो? स्नूझ, आणि परत झोप. पण लाँग क्यूटी सिंड्रोमचा दुसरा प्रकार ज्यांना आहे, त्यांच्यासाठी असा अचानक आलेला आवाज धोक्याचा असतो. एरवी धडधाकट दिसणारा माणूस दचकतो, हृदयाची लय बिघडते आणि तो बेशुद्ध पडतो. कधी कधी जीवही जातो.

होतं काय, तर प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशीला 'रीसेट' व्हावं लागतं. त्यासाठी पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात, ते आयन चॅनेल नावाच्या प्रोटीनच्या दारांतून. त्यातलंच एक दार म्हणजे हर्ग. ते बिघडलं की रीसेटला उशीर होतो आणि ईसीजीत क्यू ते टी हे अंतर लांबतं.

हर्ग म्हणजे ११५९ अमिनो आम्लांची साखळी. त्यातलं एखादं बदललं की आजार झालाच, असं नाही. ८९७व्या जागी लायसिनऐवजी थ्रिओनिन असलेली भरपूर निरोगी माणसं आहेत. पण ६२८व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरिन आलं की दार पोटॅशियम सोडतच नाही. मग घातक बदल ओळखायचा कसा?

इथे उत्क्रांती मदतीला येते. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला गिटची हिस्टरी आठवते. आपल्या कोडमध्ये एखादी ओळ वर्षानुवर्षं तशीच असेल, तर कदाचित तिच्याकडे कुणी बघितलंच नसेल. निसर्गात तसं नाही. तिथे प्रत्येक ओळीत सतत चुका होत असतात. तरीही एखादी ओळ टिकून आहे, याचा अर्थ बदललेल्या आवृत्त्या बाद होत गेल्या.

पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, तो स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या जीवाणूंमुळे. याच कुळातल्या एका जीवाणूच्या पोटॅशियम चॅनेलची रचना रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये उलगडली आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्या ६२८व्या जागेशी जुळणारी जागा त्यातही आहे, आणि तिथेही ग्लायसिनच आहे! अब्जावधी वर्षं न बदललेली ओळ. तिला धक्का लागला की सिस्टीम क्रॅश होणारच.

पण हा पुरावा एकटा पुरत नाही. माणसात घातक ठरणारा बदल एखाद्या प्राण्यात सुखाने नांदत असतो, कारण त्याच्या प्रोटीनमध्ये दुसरीकडे भरपाई झालेली असते. म्हणून बदललेलं चॅनेल प्रयोगशाळेत चालवून बघतात, घरातल्यांचे ईसीजी तपासतात.

तेव्हा जनुकीय रिपोर्टवर 'अनिश्चित महत्त्वाचा बदल' असं लिहून आलं, तर घाबरू नका आणि तो कपाटातही टाकू नका. आणि घरात कुणी दचकून किंवा पळताना बेशुद्ध पडलं असेल, किंवा तरुण वयात अचानक गेलं असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, ईसीजी काढून घ्या. साधी तपासणी आहे, फार वेळ लागत नाही.

भेटू पुढच्या भागात!