लाकडी सज्जा : पाडण्याआधी टोचून बघा

आज बोलू या जुन्या लाकडी सज्ज्याबद्दल. कुणी त्याला गॅलरी म्हणतं, कुणी माडीचा कठडा. पुण्या-नाशिकच्या वाड्यांत तो दिसतो, तसा आमच्या बंगळूरच्या चिकपेटेतल्या बोळांतही अजून कुठे कुठे दिसतो. खाली रेशमी साड्यांचं दुकान, वर राहतं घर आणि रस्त्यावर झुकलेला सज्जा.

आमच्या घरचा सज्जा चालताना हलायला लागला, तेव्हा कंत्राटदाराचा सल्ला एका वाक्यात आला : "पाडा आणि स्लॅब टाका." पण जुन्या भिंतीवर काँक्रीटचं वजन टाकणं ही काही छोटी गोष्ट नाही. शिवाय खालून दिवसभर गिऱ्हाइकं जातात, म्हणजे हलणारा सज्जा तसाच ठेवणंही बरोबर नाही. निर्णय घ्यायचा तर आधी एकच प्रश्न विचारायचा : पाणी कुठे थांबतंय?

लाकूड वयामुळे कुजत नाही, ओलीमुळे कुजतं. लाकडातली ओल साधारण 20 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला खायला मिळतं. ओल वाळली की बुरशीची वाढ थांबते. हे खरं की नाही, ते चिकपेटेतून चालत जाऊन बघता येतं. कोटे वेंकटरमण मंदिराशेजारी टिपूचा उन्हाळी महाल आहे. हैदर अलीनं 1781 मध्ये काम सुरू केलं, टिपूनं 1791 मध्ये पुरं केलं. त्याचे सागवानी खांब बघा : ते थेट जमिनीत रोवलेले नाहीत, दगडी बैठकीवर उभे आहेत. जमिनीची ओल लाकडात चढू नये, यासाठी ही साधी आणि पक्की युक्ती.

आता आपल्या सज्ज्याकडे येऊ. वरच्या फळ्या खराब दिसतात, म्हणून सगळं लक्ष तिकडे जातं. खरा धोका खाली असतो : भिंतीत घुसलेल्या कड्यांच्या टोकांत. सगळं वजन तीच टोकं पेलतात आणि ओलही तिथेच साठते. पूर्वी त्या जागी चुन्याचा गिलावा असायचा. त्यातून ओल बाहेर निघायची. पुढे कुणीतरी सिमेंट थापतं आणि ओल आत अडकते.

तपासणी सोपी आहे. एक टोच्या घ्या आणि प्रत्येक कडी भिंतीजवळ टोचा. चांगलं सागवान टोक आत जाऊ देत नाही. कुजलेल्या लाकडात ते लोण्यात गेल्यासारखं जातं. हातोडीनं वाजवा : चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, पोखरलेलं बद्द. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, तिचा बंदोबस्त आधी करा. कठड्याला मात्र ओणवून नाही, आत उभं राहून हातानं धक्का द्या.

टोकं मऊ लागली तर सज्जा त्याच दिवशी बंद करा, खाली टेकू द्या, दुकानासमोरची जागा अडवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. हे हौसेनं घरी करायचं काम नव्हे. टोकं ठणठणीत असतील, तर बाकीचं काम चांगला सुतार करतो.

त्याच्याकडून चार गोष्टी मागून घ्या. एक, कुजलेल्याच फळ्या बदला. जुनं सागवान उगाच फेकू नका. दोन, नवी फळी वाळलेली असू दे आणि बसवण्याआधी आठ-पंधरा दिवस घरात ठेवा. लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, म्हणून उघड्या सज्ज्यावर दोन फळ्यांत चार-पाच मिलिमीटर फट हवीच. तीन, लोखंडी खिळे नकोत, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या. लोखंड गंजतं आणि लाकूडही काळं पाडतं. चार, उतार बाहेरच्या बाजूला ठेवा, भिंतीकडे नाही.

रंग काढताना जपा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 मध्ये लागू झाली. त्याआधीचे थर कोरडे घासू नका. ओले करून खरवडा, मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बायकांना लांब ठेवा. नंतर जाड रंगाऐवजी जवसाचं तेल मुरवलं तर लाकूड श्वास घेतं, पण ते अधूनमधून पुन्हा द्यावं लागतं. तेलाचे बोळे मात्र गोळा करून टाकू नका. ते आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून मगच टाका.

आमच्या सज्ज्याच्या कड्या शाबूत निघाल्या. बदलल्या त्या पाच फळ्या, आणि भिंतीलगतचं सिमेंट खरवडून पुन्हा चुना भरला.

बंगळुरात सप्टेंबर-ऑक्टोबरला पाऊस जोर धरतो. तेव्हा सुताराला बोलावण्याआधी एका पावसात टॉर्च घेऊन सज्ज्याखाली उभे राहा. पाणी कुठून शिरतं, कुठे थांबतं ते खडूनं खूण करून ठेवा. कामाची अर्धी यादी तिथेच तयार होईल.