माशांचा हिवाळा

तळघरातली टाकी गेल्या महिन्यात रिकामी केली. 30 इंच लांब, 12 इंच रुंद, 12 इंच उंच. पाणी जेमतेम 70 लिटर. काचेवर क्षारांची एक पांढरी रेघ आहे, ती व्हिनेगरने घासूनही जात नाही. 2012 ते 2024 अशी बारा वर्षं या टाकीत न्यू जर्सीच्या ओढ्यांतल्या जातीचे मासे नांदले.

सुरुवात पाइन बॅरन्सच्या सहलीत झाली. दक्षिण न्यू जर्सीतलं हे पाइनचं रान. 1978 मध्ये त्याला राष्ट्रीय राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तिथल्या ओढ्यांचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं. पालापाचोळ्यातून झिरपलेलं टॅनिन आणि जमिनीतलं लोह यांचा तो रंग. पाणी आम्लधर्मी, सामू चार-पाचच्या आसपास. पुलावर ओणवं होऊन मुलाने बोट दाखवलं तिथे, पाणवनस्पतींच्या गुंत्यात, एक काळसर मासा जागच्या जागी तरंगत होता. अंगावर निळे-हिरवे ठिपके, खडीच्या चंद्रकळेसारखे.

तो होता ब्लूस्पॉटेड सनफिश. सनफिश म्हटलं की आमच्या नातेवाइकांना टीव्हीवर पाहिलेला समुद्रातला तो चाकाएवढा मासा आठवतो. त्याचा याच्याशी संबंध नाही. हे कुळ उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्याचं. त्यातले ब्लूगिल, पंपकिनसीड हे मोठे भाऊ वीतभर होतात आणि लहान टाकीत मावत नाहीत. एनिअ‍ॅकँथस या प्रजातीतल्या तीनही जाती मात्र बोटाएवढ्याच राहतात: ब्लूस्पॉटेड, बँडेड आणि ब्लॅकबँडेड. नावाचा ग्रीक अर्थ नऊ काट्यांचा.

ओढ्यातून मासा उचलून घरी आणायला इथे कायदे आडवे येतात, आणि यायलाच हवेत. देशी मासे पाळणाऱ्या हौशी लोकांची नॉर्थ अमेरिकन नेटिव्ह फिशेस असोसिएशन ही संघटना 1972 पासून आहे. अशाच एका हौशी माणसाकडून टाकीत जन्मलेली सहा पिल्लं मिळाली.

पहिल्या वर्षी मी सगळं चुकवलं. नळाचं जड पाणी तसंच वापरलं. काचेवरची रेघ त्याच दिवसांची. फ्लेक्स टाकले तर मासे ढुंकून बघेनात. सनफिशला हलणारा घास लागतो. गोठवलेल्या ब्लडवर्मचा तुकडा चिमट्याने हलवला तेव्हा पहिला मासा पुढे आला. घासापासून दोन बोटांवर थांबला. डोळा खोबणीत फिरवून त्याने आधी वरून पाहिलं, मग खालून. छातीचे पर पंख्यासारखे हलत होते, अंग तसूभरही सरकत नव्हतं. मग तोंड उघडलं आणि घास पाण्यासकट आत गेला. आमच्याकडे भाजीवालीच्या पाटीतली वांगी आजी अशीच निरखून घ्यायची.

मोठी चूक हिटरची. 2012च्या नोव्हेंबरात तळघर गारठलं आणि मला राहवेना. मी सांगलीची, थंडी म्हणजे पांघरूण, एवढंच ठाऊक. टाकीला हिटर लावला, पाणी 25 अंशांवर ठेवलं. मासे बारा महिने खात राहिले, गुबगुबीत झाले. पण 2013चा वसंत आला नि गेला, नराला रंग चढला नाही. 2014 मध्येही तेच. त्यांना खायला हवं ते सगळं मिळत होतं, ऋतू तेवढा मिळत नव्हता. थंडीत शरीर मंदावायचं, मग दिवस लांबले आणि पाणी ऊबदार झालं की विणीला लागायचं, हा या माशांचा क्रम. मी त्यातला अर्धा भागच पुसून टाकला होता.

2015च्या हिवाळ्यात हिटर काढला. टाकी खिडकीखाली सरकवली, खाणं आठवड्यातून दोनदा. थर्मामीटर हळूहळू 10 अंशांवर आला. मासे तळाशी पानांत बसून राहिले, दिवसचे दिवस. मी रोज चार वेळा जिने उतरून कल्ले हलताहेत ना, एवढंच बघायचे. मार्चमध्ये ते वर आले. 2016च्या मे महिन्यात एक नर काळाभोर झाला, ठिपके पेटल्यासारखे. शेवाळाच्या झुबक्यात त्याने जागा धरली आणि मादी अंडी घालून गेल्यावर तिलाही हुसकून लावली. दोन-तीन दिवसांत काचेसारखी पिल्लं दिसली. बरीचशी गेली, अकरा वाढली.

त्याच उन्हाळ्यात मुलाने मित्राच्या तळ्यातून एक पंपकिनसीड आणला, अंगठ्याएवढा, कल्ल्याच्या टोकाशी लाल ठिपका. देखणा. चार महिन्यांत त्याने अकराचे सात केले. त्याला वेगळ्या टाकीत हलवलं, आणि आईने फोनवर सल्ला दिला, “अगं, सोडून दे कुठल्यातरी तळ्यात. मुका जीव आहे, पुण्य लागेल.”

हे पुण्य इथे पाप ठरतं. टाकीत राहिलेल्या माशाबरोबर रोगही ओढ्यात जातो, म्हणून त्याला परत सोडायचं नसतं, जात तिथलीच असली तरी. आणि जात परक्या जागची असेल तर विचारायलाच नको. हाच देखणा पंपकिनसीड एकोणिसाव्या शतकात युरोपात नेला गेला. 2019 मध्ये युरोपीय संघाने त्याला घातक आगंतुकांच्या यादीत घातलं. जपानच्या युवराज अकिहितोंना 1960च्या अमेरिका दौऱ्यात ब्लूगिल भेट मिळाले. पुढे ते तिथल्या तळ्यांत इतके माजले की 2007 मध्ये सम्राट या नात्याने अकिहितोंनी जाहीर खंत व्यक्त केली. आपण तरी कुठे वेगळे? भिगवणला जी चिलापी चवीने खातो, ती मूळची आफ्रिकेतली, भारतात 1952 मध्ये आणलेली. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “मग चिलापी खाऊन आपण पुण्यच करतोय की.” पंपकिनसीड शेवटी त्याच हौशी माणसाच्या मोठ्या टाकीत गेला.

एकदा इथल्या दुकानात ‘रोझलाइन शार्क’ नावाचा मासा दिसला. लाल-काळ्या पट्ट्यांचा, महाग. घरी येऊन शोधलं तर तो केरळ-कर्नाटकच्या घाटांतला, संकटग्रस्त. 2013 मध्ये त्याची प्रजात नव्याने मांडली गेली, तिचं नाव सह्याद्रिया. मांडणाऱ्या संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. मी सह्याद्रीच्या मुलखातून येऊन जर्सीचा मासा पाळत होते आणि सह्याद्रीचा मासा इथे शार्क म्हणून विकला जात होता. दुकानात त्याच्याही टाकीत हिटर होता. घाटातल्या वाहत्या, गार पाण्याची आठवण कुणाला असणार?

माझ्या टाकीतल्या तीन पिढ्या झाल्या. शेवटचा नर 2024च्या फेब्रुवारीत गेला, तळाशी, पानांत. हिवाळाच असल्याने दोन दिवस मला कळलंही नाही.

टाकी आता शेजारची मुलगी नेणार आहे. काल सामान बघायला आली, खोक्यातला हिटर तिने उचलला. “हाही लागेल ना?” मी तो काढून ठेवला आणि तिच्या हातात थर्मामीटर दिला.