तिकीट वसूल की तब्येत वसूल?

जूनची सुट्टी लागली की सिंगापुरातल्या मराठी घरांत दोन गोष्टी हमखास घडतात. भारतातून आजी-आजोबा येतात आणि "सेंटोसाला कधी जायचं?" असा मुलांचा घोशा सुरू होतो. यंदा आमच्याकडे दोन्ही एकदम जुळून आलं. २०१० साली सेंटोसावर सुरू झालेलं युनिव्हर्सल स्टुडिओज आम्ही दोन वर्षांपूर्वी एकदा पाहिलं होतं. तेव्हा मुलगी चार वर्षांची होती आणि मुलगा कडेवर होता. आता ती सहाची, तो तीनचा, आणि बरोबर साताऱ्याहून आलेले माझे सासू-सासरे. दुसऱ्या खेपेला खिसा आणि प्रकृती या दोन्हींचा हिशेब कसा जमवला, ते सांगते. जाणाऱ्यांना उपयोग होईल.

आधी मोजपट्टी, मग तिकीट

इथे चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. चार ते बारा वयाला मुलांचं तिकीट, आणि साठी ओलांडलेल्यांना स्वस्त तिकीट मिळतं. म्हणून धाकट्याला चार पूर्ण होण्याआधीच जायचं ठरवलं. पण वयापेक्षा महत्त्वाची असते उंची. ट्रान्सफॉर्मर्सच्या राईडला १०२ सेंटिमीटर, ज्युरासिक पार्कच्या पाण्यातल्या राईडला १०७, तर ममीच्या राईडला १२२ सेंटिमीटर उंची लागते. आमच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. दोन वर्षांपूर्वी मुलगी ९९ होती, यंदा ११० भरली. म्हणजे पहिल्या दोन राईड उघड्या, तिसरी अजून बंद. हे घरीच सांगून ठेवल्यामुळे तिथे रडारड झाली नाही.

धाकट्याला चालत नाही अशा राईडला आई-वडिलांपैकी एकाने थांबायचं आणि मग पुन्हा रांग न लावता अदलाबदल करायची, अशी सोय असते. दारावरच्या कर्मचाऱ्यांना विचारावं. हार्बरफ्रंटपर्यंत एमआरटीने गेलो. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोठ्यांबरोबर भाडं पडत नाही, आणि त्याहून उंच पण सात वर्षांखालच्या मुलांना सवलतीचं कार्ड काढलं की प्रवास फुकट होतो.

इथला उन्हाळा वेगळा

"आमच्या साताऱ्यात एप्रिलमध्ये याहून जास्त तापतं," असं बाबा म्हणाले. आकडा पाहिला तर खरं आहे. पण कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग गार होतं. इथे आर्द्रता इतकी की घाम अंगावरच राहतो, शरीर निवत नाही. लहान मुलं वजनाच्या मानाने लवकर तापतात, आणि खेळाच्या नादात तहान सांगत नाहीत. म्हणून मागण्याची वाट न बघता दर वीस मिनिटांनी चार घोट पाणी पाजायचं. इथलं नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, तेव्हा बाटली घरून न्यावी आणि भरत राहावी.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. १९८२ पासून सिंगापूरचं घड्याळ अर्धा तास पुढे केलेलं आहे, त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, एकच्या सुमारास. अकरा ते तीन हा सगळ्यात प्रखर काळ. २०२३ पासून सरकारतर्फे उष्णतेच्या ताणाची पातळी कमी, मध्यम, जास्त अशी जाहीर होते. ती मायईएनव्ही अ‍ॅपवर दिसते. निघण्यापूर्वी पाहून घ्यावी.

बाबांची साखर

सव्वाबारा वाजता आम्ही एका रांगेत होतो. बाबा एकदम गप्प झाले. कपाळावर घाम होता, पण तो तर सगळ्यांनाच होता. आईंनी मात्र ओळखलं. त्यांनी हात धरला, तो थरथरत होता. "काही नाही गं, गर्दीमुळे," असं ते म्हणत राहिले. बाबा मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात. नाश्ता सातला झालेला, आणि एरवी बाराच्या ठोक्याला ते जेवायला बसतात.

पर्समधल्या ग्लुकोमीटरवर आकडा आला ६२. लगेच तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून दिलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, तेव्हा ९४. मग बिस्किटं, आणि तडक जेवण.

यातून दोन गोष्टी सांगण्यासारख्या. साखर उतरल्याची खूण असलेला घाम इथल्या हवेत वेगळा ओळखू येत नाही. म्हणून अशा गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या जेवणाची वेळ रांगेपायी टळू देऊ नये. दुसरं, भारतातली यंत्रं साखर मिलिग्रॅममध्ये दाखवतात, इथले डॉक्टर मिलिमोल मोजतात. मिलिमोलला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. ७० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ३.९ मिलिमोल. त्याखाली गेलं की लगेच गोड द्यायचं.

एक वाजता बाहेर

आम्ही तिथूनच परत फिरायचं ठरवलं. यावर सर्वांत जास्त विरोध बाबांचाच! "अगं, माझ्यामुळे पोरांचा दिवस फुकट नको. एवढी तिकिटं काढलीत, संध्याकाळपर्यंत थांबा. पैसे वसूल झाले पाहिजेत."

आपल्या सगळ्यांच्याच रक्तात हे 'वसूल' भिनलेलं आहे. पण हिशेब नीट मांडून पाहावा. तिकिटाचे पैसे सकाळीच गेले. आपण तीनला निघालो काय किंवा सातला, ते परत येत नाहीत. पुढच्या प्रत्येक तासाचा खर्च मात्र नवा असतो: थंड पेयं, खेळणी, थकल्यावर टॅक्सी, आणि कुणी आजारी पडलं तर दवाखाना नि रजा. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. पडलेला शेअर 'घेतलेल्या भावाला आल्याशिवाय विकणार नाही' म्हणून धरून बसणारे आपणच. चूक तीच, जागा वेगळी.

मुलीच्या दोन्ही राईड झाल्या होत्या. धाकट्याला मिनियन भेटले होते. घरी आल्यावर वरण-भात खाऊन दोघं गाढ झोपली.

पाहुण्यांचा विमा

मोठा खर्च तिकिटाचा नसतोच. मेडिशील्ड लाईफ हा विमा नागरिक आणि पीआर यांनाच मिळतो. भेटीला आलेल्या आई-वडिलांना तो नाही, आणि सरकारी रुग्णालयातलं अनुदानही नाही. म्हणून त्यांचा प्रवास विमा तिकिटांबरोबरच काढावा. आधीपासूनच्या आजाराचं कलम वाचावं आणि मधुमेह, रक्तदाब फॉर्मवर स्पष्ट लिहावा. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जाऊ शकतो. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणायला सांगावं.

तेव्हा मंडळी, जरूर जा, आजी-आजोबांनाही न्या. फक्त पिशवीत पाणी, ग्लुकोज आणि गोळ्यांची यादी असू द्या, आणि परतायची वेळ घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत थोर माणसाकडे बघून ठरवा.