पावडरीचा डबा आणि प्रकाशाचे नियम

शाळेच्या स्नेहसंमेलनाची छायाचित्रे हाती आली की एक गोष्ट हमखास आढळते. आरशात ठीक वाटलेले चेहरे छायाचित्रात पिठात बुडवून काढल्यासारखे दिसतात, आणि मान व हात मात्र मूळच्याच रंगाचे! दोष कॅमेऱ्याचा नसतो, आणि पावडर स्वस्त होती म्हणूनही असे झालेले नसते. प्रकाशाच्या प्रकरणात तुम्ही शिकलेले दोन-तीन नियम ध्यानात घेतले, तर गावातल्या औषधांच्या दुकानातल्या साध्या डब्यांतून आपल्याला योग्य तो डबा निवडता येतो, आणि कोणता डबा मुळीच घ्यायचा नाही हेही कळते. मुलांनी हे पान उलटण्याची घाई करू नये. त्वचा त्यांनाही आहे, आणि क्रीमच्या जाहिराती आता त्यांच्यासाठीही असतात.

प्रथम एक सोपा प्रयोग करू. काळ्या कागदावर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर चिमूटभर पसरा. ती पांढरी शुभ्र दिसेल. आता तिच्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडा. तेल पसरेल तसा पांढरेपणा जवळजवळ नाहीसा होईल आणि खालचा काळा कागद दिसू लागेल. पावडर तर जागच्या जागीच आहे! मग तिचा रंग गेला कुठे?

खरे म्हणजे तिला रंग नव्हताच. टाल्क म्हणजे शंखजिरे, मॅग्नेशियमचे एक सिलिकेट. इतके मऊ की कठिनतेच्या मोह्स श्रेणीत त्याचा क्रमांक पहिला लागतो. त्याचे पापुद्र्यासारखे कण पारदर्शकच असतात. हवेचा अपवर्तनांक १ आणि शंखजिऱ्याचा सुमारे १.५७. माध्यम बदलले की थोडा प्रकाश परावर्तित होतो, आणि अपवर्तनांकांतील फरक जितका मोठा तितका तो जास्त. दोन अपवर्तनांकांची वजाबाकी भागिले बेरीज, आणि येईल त्याचा वर्ग, हे सूत्र वापरून पाहा. हवेत शंखजिऱ्याच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे ५ टक्के प्रकाश परत फिरतो. खोबरेल तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४५ आहे. तेलात हेच प्रमाण ०.१६ टक्क्यावर येते, म्हणजे जवळजवळ तीस पटींनी कमी. अतिसूक्ष्म कणांना हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही. पण काय घडते याची दिशा ते बरोबर दाखवते.

तेलकट चेहऱ्यावर सकाळी लावलेली पावडर दुपारपर्यंत ‘उडून’ जाते याचे कारण हेच. ती उडालेली नसते. तेलाने भिजून पारदर्शक झालेली असते. म्हणून तिच्यावर पुन्हा पावडर थापली की तेलात कालवलेला लगदा तयार होतो, आणि तो रंध्रांत बसतो.

आता कागदावर टाल्कऐवजी कॅलामाइन लोशनचा थेंब वाळवून घ्या आणि त्यावर तेल सोडा. येथे रंग फारसा जात नाही. कॅलामाइनमध्ये झिंक ऑक्साइड असते, म्हणजेच जस्ताचा सफेता. त्याचा अपवर्तनांक सुमारे २. टिटॅनियम डायऑक्साइड त्याच्याही पुढे, सुमारे २.७. तेलातसुद्धा त्याच्या पृष्ठावरून ९ टक्के प्रकाश परततो. डाग झाकणाऱ्या फाउंडेशनची आणि कॉम्पॅक्टची झाकण्याची शक्ती मुख्यतः या पदार्थात आहे. भिंतीच्या पांढऱ्या रंगातही हाच पदार्थ असतो, आणि तो तेथेही हेच काम करतो. भिंगाशेजारच्या फ्लॅशचा प्रकाश पडताच तो त्या प्रकाशाचा मोठा भाग थेट भिंगाकडे परतवतो. छायाचित्रातील पिठासारख्या चेहऱ्यांचे रहस्य ते हेच!

आपली त्वचा कोणत्या प्रकारची, हेही प्रकाशाच्याच मदतीने ठरवता येते. साबणाने तोंड धुऊन कोरडे करा आणि तासभर काहीही न लावता राहा. मग पतंगाच्या पातळ कागदाचे चार तुकडे कपाळ, नाक, गाल आणि हनुवटी यांवर क्षणभर दाबून ते खिडकीच्या उजेडात धरा. जेथे तेल लागले तेथे कागद अर्धपारदर्शक झालेला दिसेल, कारण तंतूंमधली हवेची जागा तेलाने घेतली. तेलाच्या डागाच्या याच गुणधर्माचा उपयोग करून बुन्सेनने आपला प्रकाशमापक बनवला होता. चारही तुकड्यांवर डाग पडला तर त्वचा तेलकट, कोठेच नाही तर कोरडी. पुष्कळांच्या बाबतीत कपाळ, नाक व हनुवटी तेलकट आणि गाल कोरडे, असे मिश्र उत्तर येते. तुमच्या वयात संप्रेरकांमुळे तैलग्रंथी जोमाने काम करू लागतात, तेव्हा डाग मोठा आला म्हणून घाबरू नये. हिवाळ्यात आणि मे महिन्यात उत्तर वेगळे येऊ शकते, म्हणून चाचणी दोनदा करावी.

तेलकट त्वचेची चमक हे तेलाच्या गुळगुळीत थरावरून होणारे नियमित परावर्तन आहे. पावडरीचे कण तो थर खडबडीत करतात, परावर्तन अनियमित होते आणि चमक मोडते. याला थर पातळच हवा. आधी स्वच्छ रुमालाने तेल व घाम टिपून घ्यावा आणि मगच पावडर लावावी. सिलिका असलेली पावडर तेल शोषून घेते, म्हणून अधिक टिकते. वेष्टणावरच्या ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ या शब्दाचा अर्थ ‘रंध्रे न बुजवणारे’ असा आहे; पण या शब्दामागे सर्वांना बंधनकारक अशी एकच चाचणी नाही, तेव्हा त्यावर फार विसंबू नये.

कोरड्या त्वचेची गोष्ट नेमकी उलटी. हिवाळ्यात हातावर नखाने ओढा, पांढरी रेघ उमटते. त्वचेचे सुटलेले पापुद्रे आणि त्यांमधली हवा यांची ती करामत आहे, पावडरीच्या पांढरेपणासारखीच. अशा त्वचेवर कोरडी पावडर म्हणजे पांढऱ्यावर पांढरे! येथे हवेची जागा भरून काढणारा पदार्थ हवा. तोंड धुतल्यावर त्वचा ओलसर असतानाच ग्लिसरीन असलेले साधे क्रीम लावावे, फारच कोरडे असेल तर पेट्रोलियम जेलीचा पुसट हात फिरवावा. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, जेली त्याची वाफ होऊ देत नाही. वर लावायचेच असेल तर ते पावडरीऐवजी क्रीमच्या रूपातले फाउंडेशन असावे. मिश्र त्वचेच्या माणसाने गालाला क्रीम आणि नाकाला पावडर लावावी. एकाच चेहऱ्याला एकच उपचार लावला पाहिजे, असा काही नियम नाही.

रंगछटा निवडताना दुकानातल्या दिव्यावर भरवसा ठेवू नका. दिव्याच्या आणि सूर्याच्या प्रकाशातील रंगांचे प्रमाण सारखे नसते, त्यामुळे तेथे जुळलेल्या दोन छटा उन्हात वेगळ्या दिसू शकतात. नमुना मनगटावर न लावता जबड्याच्या कडेला लावा आणि दाराबाहेर उजेडात येऊन पाहा. सावळ्या त्वचेला हवी ती छटा लोहाच्या ऑक्साइडांतून येते. तुळशीवृंदावनाला लावायच्या गेरूला रंग देते तेच हे द्रव्य, फक्त शुद्ध केलेले. वेष्टणावर त्यांचे क्रमांक सापडतील: सीआय ७७४९१ तांबडे, ७७४९२ पिवळे, ७७४९९ काळे, आणि ७७८९१ म्हणजे आपले टिटॅनियम डायऑक्साइड. घटक बहुधा अधिक प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे या क्रमाने छापलेले असतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कोणत्याही क्रमाने येतात. दोन डबे शेजारी ठेवून पहिली पाच नावे वाचा आणि किमतीला ग्रॅमने भागा. पुष्कळदा नावे तीच आणि भागाकार मात्र तिप्पट! महाग डब्यात कण अधिक बारीक दळलेले असतात, त्यांवर लेप दिलेला असतो, छटाही जास्त मिळतात, हे खरे. पण उरलेले पैसे आरसा, सुगंध आणि जाहिरात यांचे असतात. ‘एसपीएफ १५’ लिहिलेल्या कॉम्पॅक्टचेही असेच. हा अंक त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन मोजतात. चेहरा ५०० चौरस सेंटिमीटर धरला तर एका वेळेला १ ग्रॅम लागेल, आणि ९ ग्रॅमचा डबा नऊ दिवसांत संपेल! इतकी पावडर कोणीच लावत नाही, म्हणून तेवढे संरक्षणही मिळत नाही.

पावडर उडवून तिचा धुरळा मात्र करू नये. २०२४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने शंखजिऱ्याची नोंद ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात केली आहे. ती हाताने लावावी, श्वासावाटे आत घेऊ नये.

आता ज्या डब्याच्या वाटेला जायचेच नाही त्याच्याविषयी. १९७५ साली आपल्याकडे त्वचा उजळ करण्याचे एक क्रीम बाजारात आले आणि घराघरांत पोचले. २०२० मध्ये त्याच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द काढून टाकण्यात आला. शब्द गेला, मागणी गेली नाही. त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या द्रव्यामुळे असतो. ते बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसात जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनचे प्रमाण आणि त्याच्या कणांचा आकार यांत. हे मेलॅनिन सूर्याचे जंबुपार किरण शोषून घेते. ते बनूच नये यासाठी काही क्रीममध्ये चोरून पाऱ्याची संयुगे घालतात. पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडांवर घाव घालतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विरळ आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ दिसू लागले, आणि धागा उजळपणाच्या क्रीमपर्यंत गेला. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडून इतरांत पारा नकळत आला तरी किलोमागे १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. नियम पाळणारा उत्पादक वेष्टणावर परवाना क्रमांक, पत्ता, घटक, मुदत हे सगळे छापतो. ज्या डबीवर यातले काही नाही, किंवा जी ‘सात दिवसांत’ गोरे करते म्हणतात, ती कोणीही भेट दिली तरी लावू नका.

दुसरा धोका औषधाच्या नळीतून येतो. बीटामेथासोनसारखी स्टेरॉइड असलेली मलमे काही दिवस चेहरा उजळवतात. मग त्वचा पातळ होते, लाली येते, मुरुमे उसळतात, आणि मलम थांबवले की त्रास वाढतो, म्हणून माणूस ते पुन्हा लावतो. २०१८ मध्ये अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी झाली. तरीही कोणा मैत्रिणीने नाव सांगितले म्हणून ती आणणारे कमी नाहीत. नळी उलटून घटक वाचा. नाव ‘-सोन’ने संपत असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला विचारा. मुरुमे खूप असतील तर फाउंडेशनने झाकण्याआधीही त्यांच्याकडेच जा.

कोणताही नवा डबा आणला की चेहऱ्याला लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून दोन दिवस थांबावे. खाज, लाली किंवा पुरळ आले तर तो आपला नव्हे; बहुधा त्यातला सुगंध सोसत नाही, तेव्हा पुढच्या वेळी बिनवासाचा मागावा. घरचे लग्न रविवारी असेल, तर डबा गुरुवारीच उघडावा लागेल.