घरी बसलेला मुलगा आळशी का वाटतो?

"सध्या काय करतोस?" जुम्याची नमाज झाली की मस्जिदीच्या दारात पंचविशीतल्या मुलाला हा प्रश्न किमान दोघे-तिघे तरी विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसते. पण ज्याला दोन वर्षे काम मिळालेले नाही, तो हळूहळू मागच्या सफमध्ये बसू लागतो आणि नमाज होताच चपला घालून निघतो. पुढे नातेवाईकांच्या लग्नालाही जाणे टाळतो. घरी अब्बू म्हणतात, "दिवसभर मोबाईल घेऊन पडलेला असतो. आळशी झालाय नुसता!"

हा खरेच आळस असतो का? भद्रावतीसारख्या गावात तरी हा प्रश्न शांतपणे विचारायला हवा.

कारखान्यांचे गाव, तरी हात रिकामे

बाहेरच्या माणसाला भद्रावती कामाचे गाव वाटते. इथे आयुध निर्माणी आहे, माजरी भागात वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत. पण निर्माणीतल्या कायम नोकरीसाठी बाहेरच्याही मुलांशी स्पर्धा असते. खाणीतली कायम नोकरी बऱ्याचदा ज्याची जमीन गेली त्याच्या घरात जाते. ज्यांच्याकडे मुळात शेतीच नाही, गॅरेज, वेल्डिंग, ड्रायव्हिंग किंवा छोट्या दुकानावर घर चालते, त्यांच्या मुलांच्या वाट्याला ठेकेदाराकडचे काम उरते. ते आज असते, उद्या नसते.

1990च्या दशकात निप्पॉन डेन्रोच्या वीज प्रकल्पासाठी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. तो वीज प्रकल्प उभा राहिलाच नाही. सप्टेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील 214 कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले. त्यात तालुक्यातील बरांजची खाणही अडकली. 2015 मध्ये काम थांबले आणि काही वर्षे बंदच राहिले. त्या कामगारांच्या मेहनतीत काय कमी होते? काहीच नाही.

देशाचे चित्रही असेच आहे. 2023-24च्या सरकारी श्रमशक्ती पाहणीत 15 वर्षांवरील सर्वांचा बेरोजगारी दर 3.2 टक्के होता, तर 15 ते 29 वयोगटात तो 10.2 टक्के होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024च्या भारतविषयक अहवालाप्रमाणे तरुण पदवीधरांमध्ये 29.1 टक्के बेरोजगार होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये 3.4 टक्के. म्हणजे अम्मी-अब्बूंनी पोटाला चिमटा घेऊन ज्याला शिकवले, तोच जास्त काळ घरी बसतो. पदवीधर मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षाही जास्त आहे. पण मुलगी घरातच असते म्हणून तिला कुणी बेरोजगार म्हणत नाही आणि तिचे दुःखही कुणी विचारत नाही.

काम जाते तेव्हा आणखी काय जाते?

सुमारे नव्वद वर्षांपूर्वी ऑस्ट्रियातील मारियेनथाल या गावची कापड गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळे गाव बेकार झाले. मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून अभ्यास केला. वेळ मिळाल्यावर लोक जास्त वाचतील, असे कुणालाही वाटेल. झाले उलटेच. वाचनालयाची वर्गणी माफ करूनही पुस्तके नेणारे घटले. पुरुषांची चाल मंदावली, चालता चालता ते उगाच थांबू लागले. दिवसभर काय केले हे त्यांना सांगताही येईना.

याहोदाने पुढे याचा उलगडा केला. पगाराशिवाय काम माणसाला पाच गोष्टी देते: दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरची माणसे, आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत ही भावना, समाजात ओळख आणि हातांना रोजची हालचाल. काम गेले की या पाचही एकदम जातात. रात्री झोप नाही, सकाळी उठण्याचे कारण नाही. वेळ जात नाही म्हणून खर्रा येतो, मोबाईल येतो. आपल्याला दिसणारा 'आळस' बऱ्याचदा बेकारीचा परिणाम असतो. आपण त्यालाच कारण समजून मुलाला बोलतो आणि तो आणखी आत जातो.

काही घरांत "नमाज पढ, सब ठीक होईल" म्हणून विषय संपवतात. नमाजने दिवसाला शिस्त येते, मनाला आधार मिळतो, हे खरेच. पण उदास असणे म्हणजे इमान कमजोर असणे नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः चिंता आणि दुःखापासून अल्लाहचे संरक्षण मागितल्याचे हदीसमध्ये आहे.

घर आणि मोहल्ला काय करू शकतो?

नोकरी देणे घरच्यांच्या हातात नाही. त्या पाच गोष्टींपैकी दोन-तीन परत देणे मात्र आहे.

• उठण्याची, अभ्यासाची, अर्ज भरण्याची वेळ ठरवा. "रिकामाच आहेस, हे आणून दे" म्हणू नका. घराचा हिशेब, धाकट्यांचा अभ्यास अशी खरी जबाबदारी सोपवा.

• "लागला का कुठे?" हे रोज विचारू नका. चुलतभावाशी तुलना तर नकोच.

• पगार कमी असला तरी अप्रेंटिसशिप किंवा मोहल्ल्यातल्या कारागिराकडचे काम हलके समजू नका. हजरत दाऊद (अ.) हाताच्या कमाईवर जगत. धंदा करायचा असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या कर्ज योजनांची चौकशी करा.

• मस्जिद कमिटीने एक खोली, चार टेबले आणि अर्ज भरून देणारा एक जाणकार एवढी सोय केली तरी मुलांना घराबाहेर बसायला जागा मिळेल. मुलींसाठीही वेगळी वेळ ठेवता येईल.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-जेवण बिघडले असेल, मुलगा किंवा मुलगी कुणाशीच बोलत नसेल तर सरकारी रुग्णालयात दाखवा. टेलि-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस बोलता येते. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा कानावर आली तर ती थट्टा समजू नका. त्याला एकटे सोडू नका, लगेच मदत घ्या.

येत्या जुम्याला तो मुलगा भेटला तर नोकरीचे विचारू नका. "ये, चहा घेऊ" म्हणा. बोलायचे असेल तर तो स्वतःच बोलेल.