तारेखालचं पितळ

इलेक्ट्रिक गिटारला कोणतं सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारेला टेकू देणारा छोटा तुकडा, बसवावं असं विचारलं, की उत्तर धातूचं मिळतं. ब्रास लाव, आवाज भरदार होतो. स्टील लाव, धार येते. पैसे असतील तर टायटॅनियम. गिटारवाल्यांच्या गप्पांत ही चर्चा मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय, आणि दर वेळी मला भोसरीची एमआयडीसी आठवते. तिथल्या एखाद्या लेथवाल्याकडे एवढासा पार्ट करून मागा. तो धातूपासून सुरुवात करत नाही. ‘ड्रॉइंग आणलंय का? नसेल तर सॅम्पल द्या,’ म्हणतो. मग व्हर्नियर लावून व्यास, लांबी, भोकांमधलं अंतर, आटे. मटेरियल ही ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली एक ओळ असते. सॅडल निवडतानाही हाच क्रम बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते पक्कं झालं जुनी अमेरिकन पेटंटं वाचताना. पेटंट म्हणजे तरी काय, तपशीलवार ड्रॉइंगच.

तार फ्रेटवर दाबली की किंचित ताणली जाते आणि स्वर चढतो. तो चढ काढायला सॅडल मागे सरकवून तारेची लांबी थोडी वाढवायची. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर आला की काम झालं. फेंडरच्या गिटारवर तारेची लांबी साधारण ६४८ मिलीमीटर असते. तिथे सॅडल एक मिलीमीटर सरकलं तर बाराव्या फ्रेटवर सुमारे पावणेतीन सेंटचा फरक पडतो. अर्ध्या स्वराचे शंभर सेंट. प्रत्येक तारेला लागणारी जागा वेगळी, कारण तारेची जाडी वेगळी, गुंडाळीच्या आतला गाभा वेगळा, ताण वेगळा. सॅडलचा पुढचा सगळा इतिहास या एकाच अडचणीभोवती फिरतो.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. १३ जानेवारी १९५० रोजी त्याने एक अर्ज केला आणि ३० ऑक्टोबर १९५१ला त्याला पेटंट क्रमांक २,५७३,२५४ मिळालं: ब्रिज आणि पिकअप एकाच जोडणीत. आपण ज्याला टेलीकास्टरचा ब्रिज म्हणतो तो हाच. वाकवलेल्या पत्र्याची थाळी आणि तिच्यात पितळेच्या तीन नळकांड्या, प्रत्येकीवर दोन तारा. सहा तारांना तीन सॅडल्स म्हणजे तडजोड उघडच आहे. पण त्या तडजोडीला नावं ठेवणारे एक गोष्ट विसरतात. त्या काळी तिसरी तार गुंडाळीची असे. चौथी आणि तिसरी, दोन्ही गुंडाळीच्या असल्या की त्यांना लागणाऱ्या जागा जवळजवळ येतात आणि एका नळकांडीवर त्यांचा संसार बऱ्यापैकी चालतो. पुढे तिसरी तार साधी, बिनगुंडाळीची झाली. अर्नी बॉलने १९६२च्या सुमारास हलक्या तारांचे तयार संच विकायला सुरुवात केली आणि ती सवय सगळीकडे पसरली. साध्या तिसऱ्या तारेला सॅडल चौथीपेक्षा बरंच मागे लागतं. समजा दोघींच्या जागांत दोन मिलीमीटरचं अंतर आहे. नळकांडी मधोमध ठेवली तर एक तार पावणेतीन सेंट चढी आणि दुसरी तेवढीच उतरी. दोघी उलट दिशांना चुकतात, म्हणून कॉर्ड वाजवताना कानाला पाच सेंटच्या पुढचा फरक लागतो. नळकांडी होती तशीच राहिली, तार बदलली.

तरीही तक्रार जुनीच आहे. बिल कार्सन नावाचा कंट्री संगीत वाजवणारा गिटारिस्ट फेंडरच्या कारखान्यात नव्या वस्तू वाजवून पाहायला जात असे. आपण टेलीकास्टरची सॅडल्स कापून तिनाची सहा करून घेतली होती, असं तो सांगायचा. इतिहासात त्याला फारशी जागा मिळत नाही. मला मात्र तो या कथेतला सगळ्यात मोलाचा माणूस वाटतो. ज्याने रोज रात्री वाजवताना बेसूर ऐकला त्यानेच करवत हातात घेतली.

आता १९५६ सालाकडे येतो, कारण माझं खरं वेड तिथलं आहे.

त्या वर्षी चार आठवड्यांच्या आत अमेरिकेत गिटारच्या ब्रिजची तीन पेटंटं मंजूर झाली. १३ मार्चला लेस पॉलचं, क्रमांक २,७३७,८४२. ३ एप्रिलला गिब्सन कंपनीचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांचं, क्रमांक २,७४०,३१३. आणि पुढच्याच मंगळवारी, १० एप्रिलला, लिओ फेंडरचं, क्रमांक २,७४१,१४६. तिन्ही शेजारी ठेवून वाचली की सॅडलच्या निवडीचा सगळा वाद समोर येतो.

पहिल्या दोघांचे अर्ज तर १९५२च्या जुलैमधलेच, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने केलेले. लेस पॉल हा देशभर गाजलेला वादक. त्याच्या नावाची गिटार गिब्सन त्याच वर्षी बाजारात आणत होती. त्याची रचना म्हणजे तारा अडकवण्याची झोपाळ्यासारखी चौकट आणि तिलाच जोडलेला एक आडवा दांडा. दांडा हाच ब्रिज. तारांनी त्याच्यावरून जायचं, अशी कल्पना. पण कारखान्यात गिटारची मान इतक्या कमी कोनात बसवली गेली की तारा दांड्यावरून नेल्या तर फार उंच राहात. मग त्या दांड्याखालून ओढाव्या लागल्या. उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून वाजवणं अवघड झालं आणि लेस पॉल भडकला. भोसरीत कुणालाही कळेल अशी ही चूक आहे: दोन पार्ट आपापल्या ड्रॉइंगप्रमाणे बरोबर, जोडणीत मात्र बसत नाहीत. १९५३ संपेपर्यंत तो दांडा गेला आणि त्या जागी दोन स्टडवर टेकणारा आखूड दांडा आला, मानेचा कोनही वाढला. पण सहा तारांना सहा जागा अजूनही नव्हत्या.

मॅकार्टी यांच्या पेटंटने त्या दिल्या. त्यांनाही गिटार वाजवता येत नव्हती. शिक्षण इंजिनिअरिंगचं, आधीची नोकरी वुर्लिट्झर कंपनीत. त्यांचा ब्रिज ट्यून-ओ-मॅटिक या नावाने १९५४मध्ये लेस पॉल कस्टमवर आला. एका खाचेत सहा छोटी सॅडल्स, प्रत्येकाला पुढे-मागे नेणारा स्वतंत्र स्क्रू. उंची मात्र सगळ्यांची एकत्रच, दोन टोकांच्या चाकांनी. एखादी तार एकटी वर-खाली करायची सोय नाही. बोटपट्टीच्या गोलाईप्रमाणे खाचा आधीच कोरून ठेवायच्या. तिसऱ्या पेटंटात, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरच्या ब्रिजवर, फेंडरने नेमकं उलट केलं. पोलादी पट्टी वाकवून केलेली सहा सॅडल्स, प्रत्येकाला मागेपुढे नेणारा एक स्क्रू आणि उंचीसाठी दोन ग्रब स्क्रू. वाजवणाऱ्यावर सगळं सोपवलेलं. मॅकार्टी यांचा ब्रिज कसबी कारागिराच्या हातात पडला तर सुंदर बसतो. फेंडरचा ब्रिज ॲलन की असलेल्या कुणालाही जमतो. चिंचवडमध्ये घरी बसून स्वतःची गिटार स्वतः लावणाऱ्याला मी डोळे मिटून फेंडरची पद्धत सुचवेन.

आणि एका नंबरची गोष्ट. गिब्सनच्या हंबकर पिकअपच्या तळाशी साठीच्या दशकात एक चिठ्ठी चिकटवलेली असे: पेटंट क्रमांक २,७३७,८४२. हा पिकअपचा नंबर नाही. हा लेस पॉलच्या त्या फसलेल्या झोपाळा-चौकटीचा नंबर आहे. पिकअप सेथ लव्हर यांचं, त्यांचं पेटंट २,८९६,४९१, आणि ते २८ जुलै १९५९लाच मंजूर झालं होतं. चाकणमधल्या कुठल्याही वाहन कंपनीच्या गेटवर असा चुकीच्या नंबरचा माल आला तर आख्खा लॉट परत जाईल. गिब्सनमध्ये ही चिठ्ठी वर्षानुवर्षं लागत राहिली. नक्कल करणाऱ्यांना चकवण्यासाठी मुद्दाम केलं, असं अनेक जण म्हणतात; कुणी साधा घोटाळा मानतात. मला मुद्दाम केलेलं वाटतं, कारण खरा नंबर कंपनीच्या हाताशी होता आणि इतकी लांब टिकलेली चूक कुणाच्या तरी लक्षात येतेच. नकलेची धास्ती असलेल्या माणसाने लपवण्यासाठी जुन्या ब्रिजचा नंबर निवडावा, यात मला त्या ब्रिजच्या वाट्याला आलेली एक विचित्र दखल दिसते. गिटारवरून तो गेला, नंबर मात्र जगभर फिरला.

आता खरेदीकडे. सॅडल मागवताना सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते रुंदीत. शेजारी शेजारी चिकटून बसणाऱ्या सॅडलची रुंदी म्हणजेच दोन तारांमधलं अंतर. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटवर पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर साधारण ५६.४ मिलीमीटर, त्याला पाचाने भागा: ११.३. आधुनिक ब्रिजवर ५२.५, म्हणजे साडेदहा. मधला प्रकार ५४चा, १०.८. फरक अर्ध्या-पाऊण मिलीमीटरचा, पण सहा सॅडल्स ओळीत बसली की तो साचतो आणि कडेची तार बोटपट्टीवरून घसरायला लागते. दुसरी गोष्ट आटे. जुन्या अमेरिकन ब्रिजचे उंचीचे स्क्रू इंची, ४-४०. त्यांचा व्यास २.८४ मिलीमीटर आणि पिच ०.६३५. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच गिटारांवर एम-३, पिच ०.५. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. चुकीचा स्क्रू जोर लावून फिरवला की सॅडलचे आटे गेले. औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्याचा फायदा इथे आहे: पिच गेज लावून पाहणारा माणूस गल्लीत सापडतो.

टेलीकास्टरची नळकांडी तर इथे कुणीही करून देईल. फ्री-कटिंग ब्रासचा आठ मिलीमीटरचा रॉड चकमध्ये धरला की टूलखालून बारीक, तुटक चिप्स उडतात, स्टीलसारखी लांब गुंडाळी निघत नाही. साडेएकवीस मिलीमीटरवर कापायचं, उंचीच्या स्क्रूंची दोन भोकं टॅप करायची, मधलं भोकही ड्रिल करून टॅप करायचं. खरं काम यानंतरचं. भोकाच्या कडेला उरलेला बर नखाला लागतो, डोळ्यांना दिसत नाही. तार तुटते ती बहुतेक वेळा अशा कडेवर. काउंटरसिंक हलकेच फिरवून आणि बारीक एमरी मारून ती कड घालवली नाही, तर सॅडल कुठल्याही धातूचं असो, पहिली तार दर आठवड्याला जाणार.

धातूबद्दल आता बोलतो. आठ मिलीमीटर व्यासाच्या आणि साडेएकवीस लांबीच्या नळकांडीचं घनफळ एक घन सेंटीमीटरच्या किंचित वर. भोकं सोडली तर पितळेची भरते सव्वानऊ ग्रॅम, स्टीलची साडेआठ. फरक जेमतेम पाऊण ग्रॅमचा. पण बाजारात पितळेची नळकांडी ५/१६ इंच व्यासाची आणि स्टीलची पाव इंच, अशीही मिळते, आणि पाव इंची स्टीलची भरते जेमतेम सव्वापाच ग्रॅम. दोन्ही लावून पाहणारा माणूस ब्रास आणि स्टीलची तुलना केली म्हणतो, प्रत्यक्षात तो जाड आणि बारीक यांची तुलना करत असतो. धातूचा आवाजावर परिणाम होत नाही असं मी म्हणणार नाही. कान खोटं बोलत नाहीत. पण व्यास, वजन, तारेचा टेकू आणि स्क्रूंचा घट्टपणा सारखा ठेवल्याशिवाय त्या परिणामाचं श्रेय धातूला देऊ नये. टिकाऊपणाचं बोलाल तर फरक स्पष्ट आहे: पितळेत गुंडाळीच्या तारा लवकर चर पाडतात, स्टीलमध्ये उशिरा. फेंडरने १९७१च्या सुमारास स्ट्रॅटवर वाकवलेल्या पोलादाऐवजी जस्ताच्या मिश्रधातूची डाय-कास्ट सॅडल्स आणली. कारखान्याची सोय झाली असेल, पण मला ती घसरण वाटते. हात तारांवर घट्ट पडत असेल आणि तार सॅडलवरच तुटत असेल, तर ग्रॅफाइटसारखी घर्षण कमी करणारी सॅडल्स उपयोगाची आहेत.

चर पडला की काय होतं, ते सांगताना मिरजेला जावं लागतं. तलवारी-शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्याने तिथे तंतुवाद्यं करायला घेतली आणि फरीदसाहेबांचं नाव त्या परंपरेच्या आरंभी घेतलं जातं; २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, तिचा माथा अगदी किंचित बाकदार. तार एका कडेवरून सुटत नाही, माथ्याला घासत घासत सुटते. त्या घासण्यातूनच जवारी येते, आणि तिचा नेमका बिंदू शोधायला गवई तारेखाली सुताचा जीव सरकवत राहतो. कानशीने घोडीचा माथा घासून जवारी काढणारा कारागीर जे मोठ्या कष्टाने साधतो, तेच इलेक्ट्रिक गिटारच्या सॅडलमध्ये नकळत झालं की दुखणं ठरतं. चराचा तळ सपाट झाला की तार पुढच्या कडेवरून सुटत नाही, तळाला घासते, आणि मोकळी तार झणझणायला लागते. दुरुस्ती करणारे सरळ म्हणतात, ‘सतार वाजतेय.’

न्यूयॉर्कचा स्टुडिओ गिटारिस्ट व्हिन्सेंट बेल याने या दुखण्याचंच वाद्य केलं. १९६७मध्ये डॅनइलेक्ट्रो कंपनीने कोरल या नावाखाली त्याची इलेक्ट्रिक सतार आणली. सहा तारांखाली सहा सॅडल्सऐवजी एक रुंद, जवळजवळ सपाट ब्रिज, बाजूला तरफेच्या तेरा तारा. प्रत्येक तारेची लांबी वेगळी साधण्याची सोय त्याने जवळजवळ सोडूनच दिली, झणझणाटासाठी. फेंडर आणि मॅकार्टी ज्या मिलीमीटरसाठी झटले, तो बेलला नको होता.

ज्यांना तो हवा आहे, त्यांनी झणझणाऱ्या सॅडलवर आधी तारेच्या जाडीची निडल फाइल चालवून पाहावी. चराचा तळ मागे, म्हणजे तार जिथून येते त्या बाजूला उतरता करायचा, पुढची कड तारेच्या सुटण्याचा एकमेव बिंदू म्हणून ठेवायची, मग एमरी. तार चढवून बाराव्या फ्रेटवर पुन्हा तपासायचं. त्यानंतरही स्वर जुळत नसेल आणि सॅडलचा स्क्रू शेवटच्या आट्यावर आला असेल, तर नवीन सॅडल मागवायची वेळ आली आहे. व्हर्नियर लावा, रुंदी आणि पिच लिहून घ्या, आणि धातू शेवटच्या ओळीत लिहा.