मिशीवाली आई

आपल्या बीड जिल्ह्यातून पंढरीची दिंडी निघते, तेव्हा दाढीमिशांचे बाप्ये एकमेकांना ‘माउली’ म्हणून हाक मारतात. दसऱ्यानंतर कोयता ऊसतोडीला गेला, म्हणजे मागे राहिलेल्या नातवंडांना न्हाऊ घालणारे आजेही गावोगाव दिसतात. पण त्याच गावचा एखादा तरुण म्हणाला, ‘मला अंगणवाडीत पोरं शिकवायची आहेत,’ तर लोक हसतील. आणि हसू आवरले, तरी नियम आडवा येईल. सेविका आणि मदतनीस ही पदे स्त्रियांचीच.

गंमत अशी, की बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत पुरुषच होते. १८३७ साली जर्मनीत बालोद्यानाची सुरुवात करणारे फ्रोबेल पुरुष. आपल्याकडचे गिजुभाई बधेका तर वकील! मुलगा झाला, त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता माँटेसरीबाईंचे विचार हाती लागले, आणि पुढे वकिली सुटली ती सुटलीच. १९२० साली भावनगरला त्यांचे बालमंदिर निघाले. तेथे ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी पुढे बोर्डी-कोसबाडला जे उभे केले, त्याचे मूळ या भावनगरात आहे.

गुजरातेत गिजुभाईंना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. कौतुक खरे, पण मला ते थोडे खुपते. पुरुषाने लहान मुलांचे नीट केले, की त्याला आईच ठरवायचे. नुसता शिक्षक म्हणून ते काम त्याचे का होऊ नये?

याच समजुतीने बाईचेही नुकसान केले आहे. पोरं सांभाळणे तिला उपजतच येते म्हटले, की मग पगार कशाला? १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पण सेविकेला आजही ‘मानधन’च मिळते.

पुरुषाच्या हाती लहान लेकरू देताना आईबापांना धास्ती वाटते, हे मी नाकारीत नाही. दार उघडे असावे, वर्गात दोन मोठी माणसे असावीत, ही काळजी कुणाच्याही बाबतीत घ्यावीच. खेड्यातल्या बाईच्या हातचे हक्काचे काम काढून पुरुषाला द्या, असेही माझे म्हणणे नाही.

पण एवढे पाहा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर गुरुजी असतात. त्याचे कुणालाच काही वाटत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. मग सहा वर्षांच्या पोराला चालणारे गुरुजी पाच वर्षांच्या पोराला का चालू नयेत?